दुसऱ्याच्या पायांनी खेळणारा खेळाडू
(प्रदीपकुमार बॅनर्जी : फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक)

द्वितीय वर्ष कला

प्रत्येक खेळाडूच्या आयुष्यात दोन प्रश्न येतात. पहिला, 'मला संघात जागा मिळेल का?' आणि दुसरा, 'ही जागा गेल्यावर मी काय करू?' पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर चर्चा चालते. दुसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. वकील, डॉक्टर, प्राध्यापक ही मंडळी वयाच्या पस्तिशीत आपापल्या व्यवसायात कुठे स्थिरावू लागतात, आणि नेमक्या त्याच वयात फुटबॉलपटूचे गुडघे त्याला रजा देतात. उरलेली तीस-चाळीस वर्षे त्याने कशाच्या बळावर काढावयाची? त्याने कमावलेली विद्या त्याच्याबरोबर संपते, की ती दुसऱ्याच्या हवाली करता येते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका माणसाचे चरित्र फार उपयोगी वाटले. ते म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी. बंगालमध्ये आणि देशभर ते 'पी. के.' या दोन अक्षरांनीच ओळखले गेले. खेळाडू म्हणून ते भारताच्या आजवरच्या उत्कृष्ट फुटबॉलपटूंपैकी एक, आणि प्रशिक्षक म्हणूनही तितकेच मोठे. अशी दुहेरी कीर्ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. इंग्लंडमध्ये संघ निवडणे, डाव ठरवणे, खेळाडू घडवणे ही सर्व कामे करणाऱ्यास 'मॅनेजर' म्हणतात. कलकत्त्याच्या मैदानावर त्यालाच 'कोच' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात मी 'प्रशिक्षक' हाच शब्द वापरला आहे.

खेळाडू

बॅनर्जींचा जन्म २३ जून १९३६ रोजी उत्तर बंगालमधील जलपाइगुडी भागात झाला. पुढे कुटुंब जमशेदपूरला आले. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, ज्या वयात आपण मॅट्रिकच्या काळजीत असतो, त्या वयात हा मुलगा संतोष ट्रॉफीत बिहारकडून उजव्या बाजूचा फॉरवर्ड म्हणून खेळू लागला. १९५४ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि प्रथम एरियन्स या क्लबकडून खेळला. त्यानंतर त्याने ईस्टर्न रेल्वेचा संघ धरला आणि खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. कलकत्त्याचा फुटबॉल म्हणजे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग हे तीन क्लब. लाखोंचे प्रेम त्यांच्यावर, वर्तमानपत्रांचे रकाने त्यांच्यासाठी. देशाचा एवढा मोठा फॉरवर्ड या तिघांपैकी एकाचीही जर्सी न घालता रेल्वेकडून खेळत राहिला. त्या काळी क्लबकडून खेळून घर चालत नसे. रेल्वेत नोकरी होती, महिन्याच्या महिन्याला पगार होता. ज्यांच्या घरात पहिल्या तारखेची वाट पाहिली जाते त्यांना या निवडीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणि ही निवड म्हणजे कमीपणा होता असेही नव्हे. १९५८ साली या रेल्वेच्या संघाने तिन्ही मोठ्या क्लबांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. त्यानंतर या तिघांबाहेरच्या संघाला ही लीग जिंकण्यास २०१९ साल उजाडावे लागले. तेव्हा ती पीयरलेसने जिंकली. म्हणजे तब्बल एकसष्ट वर्षांचे अंतर!

भारतीय संघात बॅनर्जी १९५५ मध्ये आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. आपल्या मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून आपण हरलो, तरी चौथा क्रमांक मिळाला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बॅनर्जी कर्णधार होते. फ्रान्सविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि भारताचा गोल त्यांचाच होता. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले. पहिल्याच वर्षी फुटबॉलसाठी तो त्यांना मिळाला. चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि पी. के. हे त्रिकूट भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचे दुसरे नाव होऊन बसले.

या काळाचा कळस म्हणजे १९६२ चे जकार्ता येथील आशियाई खेळ. पहिल्याच सामन्यात आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ असे हरलो. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. आपले एक क्रीडाधुरीण जी. डी. सोंधी यांनी इस्राएल आणि तैवान यांना वगळण्यावर जाहीर आक्षेप घेतल्यामुळे यजमान प्रेक्षक भारतावर खवळलेले होते. अशा वातावरणात ४ सप्टेंबरला अंतिम सामना झाला, तोही पुन्हा दक्षिण कोरियाशीच. पहिला गोल बॅनर्जींनी केला. दुसरा जर्नेलसिंग यांनी केला. भारत २-१ असा जिंकला. बचावपटूने अंतिम सामन्यात गोल कसा केला, हे कोडे वाचकाला पडेल. त्याचे उत्तर मैदानावर नव्हे, मैदानाबाहेर बसलेल्या एका शाळामास्तरांकडे आहे.

रहीमसाहेबांची शाळा

सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. पेशाने शिक्षक. भारतीय संघाची सूत्रे १९५० नंतरच्या दशकात त्यांच्याकडे होती. डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग बचावात हेडिंग करू शकणार नाही, पण त्याची ताकद वाया घालवायची नाही, म्हणून त्यांनी त्यालाच सेंटर फॉरवर्ड केले. उपांत्य सामन्यातही त्याने गोल केला आणि अंतिम सामन्यातही. ज्याला इतरांनी जखमी म्हणून बाहेर बसवले असते त्याच्यासाठी रहीमसाहेबांनी नवे काम शोधून काढले.

बॅनर्जींना हे सर्व आतून पाहावयास मिळाले. माझ्या मते त्यांच्या प्रशिक्षक होण्याची सुरुवात त्यांनी बूट खुंटीला टांगले त्या दिवशी झाली नाही. ती रहीमसाहेबांच्या हाताखाली, त्यांच्या नकळत, केव्हाच झाली होती. रहीमसाहेब कर्करोगाने आजारी होते आणि जकार्ताच्या विजयानंतर वर्षाच्या आतच, जून १९६३ मध्ये, ते गेले. त्यांच्या पश्चात भारताला आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा मिळालेले नाही. एका शिक्षकाच्या जाण्याने वर्ग किती पोरका होतो याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

बॅनर्जी त्यानंतरही खेळत राहिले. १९६६ च्या बँकॉक आशियाई खेळांतही ते होते. परंतु दुखापतींनी पाठ सोडली नाही, आणि १९६७ मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली. वय अवघे एकतीस.

एक विद्या संपते, दुसरी सुरू होते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उत्तम खेळाडू हा आपोआप उत्तम प्रशिक्षक होतो, अशी आपली समजूत असते. ज्याला पोहता येते तो पोहायला शिकवू शकतो, इतके ते सोपे वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमी-तालमींतून फुटबॉल जोपासला जातो, हे वाचक जाणतातच. आमच्या गल्लीत एक जुने फॉरवर्ड आहेत, सारे त्यांना मामा म्हणतात. त्यांची डाव्या पायाची किक पाहायला एके काळी शाहू स्टेडियममध्ये माणसे उभी राहत, असे माझे वडील सांगतात. एकदा आम्ही पोरांनी त्यांना विचारले, "मामा, बॉल असा वळतोय कसा?" मामांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "वळतोय कसा म्हंजे? मार की रं, आपोआप वळतोय!" मामा काही लपवून ठेवीत नव्हते. ती किक त्यांच्या पायाला ठाऊक होती, जिभेला ठाऊक नव्हती.

खेळाडूची विद्या अशी पायात असते. प्रशिक्षकाला ती तेथून काढून शब्दांत आणावी लागते, आणि ते शब्दही असे हवेत की ऐकणाऱ्याच्या पायात ते पुन्हा उतरले पाहिजेत. हा दुहेरी प्रवास ज्याला साधतो तोच प्रशिक्षक. म्हणूनच पुष्कळ थोर खेळाडू मैदानाबाहेर अपयशी ठरतात आणि रहीमसाहेबांसारखा शाळामास्तर राष्ट्रीय संघ घडवून जातो. बॅनर्जींचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्याकडे पायही होते आणि वाणीही होती.

ईस्ट बंगालचे दिवस

१९७२ मध्ये ईस्ट बंगाल क्लबने बॅनर्जींना प्रशिक्षक म्हणून आणले. त्याच सुमारास राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पहिल्याच वर्षी ईस्ट बंगालने कलकत्ता लीग जिंकली, आणि तीही साऱ्या स्पर्धेत स्वतःवर एकही गोल होऊ न देता. त्याच वर्षी आयएफए शील्ड आली, दिल्लीचा ड्युरँड कप आला, आणि मुंबईच्या कुपरेज मैदानावरचा रोव्हर्स कपही मोहन बागानबरोबर विभागून मिळाला. पुढच्या वर्षी उत्तर कोरियाच्या प्योंगयांग सिटी संघाला हरवून त्यांनी शील्ड राखली. १९७० पासून १९७५ पर्यंत ईस्ट बंगालने सलग सहा वेळा लीग जिंकली, त्यांतील शेवटची चार वर्षे बॅनर्जींची होती.

केवळ विजयांची यादी देऊन प्रशिक्षकाचे मोठेपण समजत नाही. त्याने माणसांचे काय केले, हे पाहावे लागते. सुभाष भौमिक यांचे उदाहरण घेऊ. धिप्पाड देहाचा, जोरकस फटका असलेला हा फॉरवर्ड मोहन बागानमध्ये होता. त्याचा खेळ उतरला, आणि हा आता संपला असे लोक म्हणू लागले. १९७३ मध्ये बॅनर्जींनी त्याला ईस्ट बंगालमध्ये आणले, त्याच्यावर मेहनत घेतली, आणि पुढील काही वर्षे तोच भौमिक बचावपटूंना धडकी भरवीत राहिला. जर्नेलसिंगला नवे काम देणाऱ्या रहीमसाहेबांचा शिष्य येथे ओळखू येतो.

या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला दिवस म्हणजे ३० सप्टेंबर १९७५. आयएफए शील्डचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. ईस्ट बंगालने तो सामना ५-० असा जिंकला. श्याम थापा यांनी दोन गोल केले. सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांनी एकेक. या दोन संघांमधल्या शील्ड-फायनलला इतका एकतर्फी निकाल तोवर कोणी पाहिला नव्हता. पराभूत मोहन बागानच्या संघात बॅनर्जींचे धाकटे बंधू प्रसून हेही खेळाडू होते. एकाच घरात त्या रात्री आनंद आणि सुतक एकत्र नांदले असेल!

परंतु या दिवसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पराभव सहन न होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. पुढल्या जन्मी चांगला फुटबॉलपटू होऊन या पराभवाची परतफेड करीन, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. खेळाने माणसाला किती द्यावे आणि त्याच्याकडून किती घ्यावे, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्याच सामन्यात मोहन बागानचा तरुण गोलरक्षक भास्कर गांगुली चार गोल खाऊन बाहेर गेला होता. त्याच्याही बाबतीत सारे संपले असेच कोणाला वाटले असते. पण तो पुढे ईस्ट बंगालचा भरवशाचा गोलरक्षक झाला आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत भारताचा कर्णधार म्हणून उतरला. त्या संघाचे प्रशिक्षक होते बॅनर्जी! हरल्यावर जगून दाखवणे हाही खेळाचाच भाग आहे, हे आपण चाहत्यांनी गांगुलीकडून शिकण्यासारखे आहे.

'व्होकल टॉनिक'

सामन्यापूर्वी खेळाडूंशी बोलण्याची बॅनर्जींची एक खास रीत होती. कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत तिला 'व्होकल टॉनिक' असे नाव पडले. टॉनिकच्या बाटलीने अशक्त माणसाला तरतरी यावी, तशी त्यांच्या बोलण्याने खेळाडूंना येत असे. या शब्दाची पुढे थोडी थट्टाही झाली. नुसत्या बोलण्याने सामने जिंकता येत असते तर पुढारी मंडळींनी विश्वचषक आणला असता, असे एखादा म्हणेल.

मला मात्र वाटते की येथे 'बोलणे' हा शब्द आपण फार उथळ अर्थाने घेतो. सामन्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांत कोणीही भाषण करू शकतो. ते भाषण ज्या खेळाडूला लागू पडते त्याची नस ओळखण्यासाठी मात्र साऱ्या हंगामभर त्याच्याबरोबर राहावे लागते. एकाला चुचकारावे लागते, दुसऱ्याला डिवचावे लागते, तिसऱ्याला काही न बोलणेच हिताचे असते. आमच्या वर्गातही हाच अनुभव येतो. माझ्यासारख्या, ज्याच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढली नाही त्या मुलाला, "यात अवघड काय आहे?" असे म्हणणारे शिक्षक आणि "हे अवघड आहे, पण तुला जमेल," असे म्हणणारे शिक्षक यांत जमीन-अस्मानाचे अंतर वाटते. धडा तोच, पुस्तक तेच. वाक्य बदलले की विद्यार्थी बदलतो. बॅनर्जींचे टॉनिक याच जातीचे होते असे मी समजतो.

नदी ओलांडणे

१९७६ साली एक अघटित घडले. ईस्ट बंगालला शिखरावर नेणारे बॅनर्जी मोहन बागानचे प्रशिक्षक झाले.

बाहेरच्या वाचकाला यात अघटित काय, ते सांगितले पाहिजे. मोहन बागान हा १८८९ पासूनचा क्लब, पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे 'घोटीं'चा मानला जाणारा. ईस्ट बंगाल १९२० चा, पद्मा नदीच्या पलीकडून आलेल्यांचा, 'बांगालां'चा. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या लाखो निर्वासितांना आपले म्हणण्याजोगे जे थोडके उरले होते, त्यांत हा क्लब होता. म्हणजे ही चुरस दोन संघांची नसून दोन आठवणींची होती. मोहन बागान जिंकला की बाजारात चिंगडी महागते आणि ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा, असे बंगालमध्ये गमतीने म्हणतात. पेठापेठांमध्ये विभागलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना हे चटकन समजेल. एखाद्या खेळाडूने तालीम बदलली तर गल्लीत त्याच्याशी कोणी महिनाभर बोलत नाही!

बॅनर्जींनी हा पूल कसा ओलांडला? माझ्या मते त्याचे उत्तर त्यांच्या रेल्वेच्या दिवसांत आहे. ते खेळाडू म्हणून कोणत्याच बाजूचे नव्हते. त्यांच्या अंगावर कोणाचाच रंग चढलेला नव्हता. तरुणपणी जी गोष्ट उणीव म्हणून दाखवता आली असती तीच पुढे त्यांची ताकद ठरली. ते आपली विद्या घेऊन जाणारे व्यावसायिक होते. शिक्षकाची एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बदली होते आणि तो तिथल्या मुलांनाही त्याच निष्ठेने शिकवतो, तसेच हे.

२४ जुलै १९७६ रोजी लीगमध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले. सामना सुरू होऊन अवघे सतरा सेकंद झाले नाहीत तोच मोहम्मद अकबर यांनी मोहन बागानचा गोल केला. तोच गोल निर्णायक ठरला. १९६९ नंतर प्रथमच मोहन बागानने लीग जिंकली, आणि जी साखळी बॅनर्जींनी स्वतः चार वर्षे लांबवली होती ती त्यांनीच तोडली.

१९७७ चे वर्ष याहून रंगतदार. लीगमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला हरवले आणि लीगही नेली. टीका सुरू झाली. अशा मनःस्थितीत २४ सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर अमेरिकेचा कॉसमॉस संघ आला आणि त्यात साक्षात पेले होते. पावसाने मैदान चिखल झालेले. बॅनर्जींनी गौतम सरकार या हाफला पेलेंच्या मागावर ठेवले. प्रसिद्धीच्या त्या प्रचंड गदारोळात संघ गांगरून जाणे स्वाभाविक होते. पण श्याम थापा आणि मोहम्मद हबीब यांनी गोल केले आणि सामना २-२ असा सुटला. नंतर चारच दिवसांत शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट बंगालला १-० असे हरवले. गोल पुन्हा श्याम थापा यांचा. दोन वर्षांपूर्वीच्या पाच गोलांतले दोन ज्याने उलट बाजूने केले होते, तोच हा थापा. त्यामागोमाग रोव्हर्स आणि ड्युरँड हे दोन्ही कप आले. एका हंगामात या तिन्ही स्पर्धा जिंकण्याची मोहन बागानची ती पहिली वेळ. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघातील अरारात येरेवान या बलाढ्य क्लबबरोबर त्यांनी शील्ड विभागून घेतली.

मर्यादा

अभ्यासलेखाने केवळ स्तुती करू नये. बॅनर्जींच्या कारकिर्दीची एक बाजू उणी आहे, आणि ती महत्त्वाची आहे. क्लबांबरोबर त्यांना जे यश मिळाले ते राष्ट्रीय संघाबरोबर मिळाले नाही. १९८२ मध्ये दिल्लीत, घरच्या प्रेक्षकांपुढे, भारताने बांगलादेश आणि मलेशियाला हरवले, चीनशी २-२ बरोबरी केली. पण उपांत्यपूर्व सामन्यात सौदी अरेबियाकडून ०-१ असा पराभव झाला. ज्या स्पर्धेचे सुवर्ण त्यांनी खेळाडू म्हणून गळ्यात घातले होते, तिथे प्रशिक्षक म्हणून ते पदकापर्यंत पोहोचले नाहीत.

याचा सारा दोष एका माणसावर टाकणे योग्य होणार नाही. आपले देशांतर्गत सामने पुष्कळ काळ सत्तर मिनिटांचेच असत, तर बाहेर नव्वद मिनिटे खेळावे लागे. शेवटच्या वीस मिनिटांची दमछाक कोणत्याही टॉनिकने भरून निघणारी नव्हती. जपान, कोरिया आणि पश्चिम आशियातील देश नियोजनपूर्वक पुढे गेले. आपण आपापल्या क्लबांच्या कपांत रमलो. शिवाय बॅनर्जींची पद्धती सहवासावर उभी होती. हंगामभराच्या सहवासात जी नस सापडते ती काही आठवड्यांच्या शिबिरात सापडत नाही. म्हणजे जे त्यांचे बळ, त्यातच त्यांची मर्यादाही होती.

आणखी एक काळा दिवस नोंदवला पाहिजे. १९८० मध्ये बॅनर्जी पुन्हा ईस्ट बंगालकडे आले होते. त्या वर्षी १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या लीग सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन सोळा जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस बंगालमध्ये 'फुटबॉलप्रेमी दिवस' म्हणून पाळला जातो. प्रशिक्षक मैदानातल्या अकरा जणांना चेतवू शकतो आणि आवरूही शकतो. गॅलरीतल्या हजारोंना कोणी प्रशिक्षक नसतो. आमच्या गावीही हुल्लडबाजीमुळे सामने थांबवण्याची वेळ येते, तेव्हा या सोळा जणांची आठवण आपण ठेवली पाहिजे.

दोन गुरूंची झुंज

१९९० नंतरच्या काळात बॅनर्जी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत मुलांना घडवीत होते. लहानपणी ज्या गावात खेळू लागले तिथेच ते शिकवावयास परतले. १९९७ मध्ये ते पुन्हा एकदा ईस्ट बंगालच्या बाकावर दिसले. त्या वर्षी मोहन बागानचे प्रशिक्षक होते अमल दत्त. तेही माजी भारतीय खेळाडू. स्वखर्चाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केलेले, अत्यंत अभ्यासू आणि जिभेने तिखट. त्यांनी 'डायमंड' नावाची, हिऱ्याच्या आकाराची, चढाईवर भर देणारी मांडणी आणली होती आणि त्यांचा संघ समोर येईल त्याला लोळवीत चालला होता. फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यापूर्वी दत्तांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावे घेऊन टिंगल केली. बॅनर्जींना आणखी काय हवे होते? ती टिंगल हेच त्यांचे टॉनिक झाले.

१३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियममध्ये एक लाख एकतीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. भारतात कोणत्याही फुटबॉल सामन्याला एवढी गर्दी झाल्याचे दुसरे उदाहरण नाही. सिक्कीमच्या बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला. एका बाजूला मांडणीचा अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला माणसांचा अभ्यास, अशी ही झुंज होती. त्या दिवशी माणसांचा अभ्यास जिंकला. पण अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने याच ईस्ट बंगालला हरवून कप नेला, हेही विसरता कामा नये. एका दिवशी चढलेले टॉनिक दुसऱ्या दिवशी चढेलच असे नाही. खेळ कोणाचाच कायमचा मिंधा नसतो.

उपसंहार

बॅनर्जींना १९९० मध्ये 'पद्मश्री' मिळाली आणि २००४ मध्ये, आपल्या शताब्दीच्या वर्षी, फिफाने त्यांचा गौरव केला. २० मार्च २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दीड महिनाही लोटला नाही तोच, ३० एप्रिलला, त्यांचे जिवलग सहकारी चुनी गोस्वामीही गेले.

त्यांच्या चरित्रातून मला जे उमगले ते असे. खेळाडूची विद्या त्याच्या शरीराबरोबर ओसरते. प्रशिक्षकाची विद्या दुसऱ्याच्या शरीरात जाऊन राहते. पण एकीतून दुसरीत आपोआप जाता येत नाही. त्यासाठी स्वतः खेळत असतानाच आपल्याला कोण कसे शिकवीत आहे याकडे लक्ष ठेवावे लागते, आणि पुढे आपला अहंकार बाजूला ठेवून दुसऱ्याच्या गोलाला आपला गोल मानावे लागते. आपल्याकडे क्रीडाशिक्षकाकडे पाहण्याची दृष्टी अजूनही शिट्टी वाजवणारा माणूस एवढीच आहे. जुन्या खेळाडूंना हार घालून खुर्चीवर बसवण्यापेक्षा त्यांना शिकवण्याचे शिक्षण देण्याची सोय गावोगावी झाली, तर कित्येकांच्या पायांतली विद्या वाया जाणार नाही.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. ज्याला सर्वांनी मोडीत काढले होते आणि बॅनर्जींनी उभे केले होते, तो सुभाष भौमिक पुढे स्वतः ईस्ट बंगालचा प्रशिक्षक झाला. २००३ मध्ये त्याच्या संघाने थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाला ३-१ असे हरवून आसियान क्लब अजिंक्यपद जिंकले. परदेशी भूमीवर भारतीय क्लबने मिळवलेल्या मोठ्या विजयांपैकी हा एक. हा सामना झाला जकार्ता येथे. रहीमसाहेबांच्या संघाने एकेचाळीस वर्षांपूर्वी सुवर्णपदक जिंकले, तेच हे शहर. रहीमसाहेबांनी बॅनर्जींना दिले, बॅनर्जींनी भौमिकना दिले. मधल्या काळात कोणाचे गुडघे गेले, कोणाचे प्राण गेले. विद्या मात्र चालत राहिली.